दुष्काळ कोणत्या मापाने मोजावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी दुष्काळावर बोलणे कोणाला रुचणार नाही. पण विषय तुमचाच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायका आणि लातूर-बीडकडून इकडे आलेल्या सुना यांचा वाद चांगलाच रंगला होता : बहात्तरचा दुष्काळ मोठा, की २०१६ चा? तिळगूळ संपला, वाद काही संपला नाही. तेव्हा चिटणीसबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातले.

लहानमोठे ठरवायचे तर आधी माप ठरवायला हवे. हवामान खाते पावसाने मोजते. सरासरीपेक्षा पाऊस पावपटीहून जास्त कमी पडला की दुष्काळ, आणि निम्म्याहून जास्त कमी पडला की तीव्र दुष्काळ. महसूल खाते पिकाने मोजीत आले. पूर्वी तिला आणेवारी म्हणत, पुढे पैसेवारी म्हणू लागले. ती ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरायचे. ही मापे खोटी नव्हेत. परंतु घर चालविणाऱ्या बाईचे माप निराळे असते. घरातले काय संपले, आणि ते कोणी, कुठून, कशाच्या मोबदल्यात आणले, असे ती विचारते. मी आज त्याच मापाने पाहणार आहे.

इ. स. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने गुजरात, खानदेश आणि दख्खन उजाड केली. तुकाराममहाराजांची थोरली पत्नी त्यात अन्नावाचून गेली, हे आपण कीर्तनात ऐकतोच. त्या काळी धान्य एका मुलुखातून दुसऱ्यात जायचे ते बैलांच्या पाठीवरून, आणि वाटेवर बैलालाच चारा नाही नि पाणी नाही. शेजारच्या प्रांतात धान्य असले तरी ते येणार कसे?

पुढे आगगाडी आली. आता तरी माणसे वाचायला हवी होती, नाही का? पण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद इकडे लक्षावधी माणसे मेली. ब्रिटिश मुलखापुरतेच अंदाज ५० लाखांवर जातात. आगगाडीने धान्य आणले तसे नेलेही. जिकडे भाव तिकडे ते गेले, आणि भुकेल्याच्या हाती तर पैसा नव्हता. सरकारने कामे काढली, पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून पुरुषाला दिवसाकाठी एक रत्तल धान्य आणि एक आणा ठरविली. बाईला त्याहून कमी. एक रत्तल म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. त्यावर दिवसभर खडी फोडायची! १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीवर काम नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले जुन्नर-ओतूर भागात होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. ते प्रत्येकीने एकदा वाचावे असे माझे सांगणे आहे. या सगळ्या हाहाकारानंतर दुष्काळ आयोग बसला आणि १८८० नंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या. कामे कधी काढावीत, कोणाला काय द्यावे, हे कागदावर आले. तरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांनी माणसे मारलीच. पंडिता रमाबाईंनी आधी मध्य प्रांतातून आणि मग गुजरातेतून निराधार मुली व विधवा आणून केडगावच्या मुक्तीसदनात ठेवल्या, त्या याच दुष्काळांतल्या.

आता बहात्तरकडे वळू. पाऊस एकाच वर्षी रुसला नव्हता; १९७० पासून कमीअधिक तीन वर्षे त्याने दगा दिला आणि १९७२ ला कळस झाला. शेतात काही उभेच राहिले नाही. घरातले संपले ते धान्य. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. तो कितीही मळा, भाकरी काही जमायची नाही, असे आपल्या वडीलधाऱ्या बायका आजही सांगतात. पण या खेपेस सरकारने कामे काढली ती मोठी : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने. मुलाला बांधावर झोळीत टाकून हातात घण घेतलेल्या बायका. कामावर सुकडी वाटली जाई. पिके १८७६ इतकीच बुडाली असतील, पण भुकेने माणसे तशी मेली नाहीत. मजुरी हाती होती, म्हणून मिलो का होईना, विकत घेता आला. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली, वि. स. पागे यांची ती कल्पना १९७७ मध्ये कायदा झाली. इकडे मुंबईत महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर यांच्यासारख्यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले, तेही याच काळात.

पाण्याचे हाल तेव्हाही होतेच. पण विहीर आणखी खणली, बोअर घेतली, की खाली पाणी लागे. हातपंप गावोगावी आले ते पुढच्या काळात. जालना आणि सोलापूरकडे घडलेल्या पंपांतूनच पुढे साऱ्या देशभर गेलेला इंडिया मार्क दोन निघाला, याचा आपण अभिमान धरायला हरकत नाही. त्या दांड्यावर भार टाकताना कंबर गेली, ही गोष्ट वेगळी!

आणि २०१६? मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. रेशनवर गहू-तांदूळ होता. या खेपेस संपले ते पाणी. मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ज्या रुळांवरून एके काळी धान्य निघून गेले, त्याच जातीच्या रुळांवरून आता हंड्यासाठी पाणी येत होते. सातशे-आठशे फूट खोल गेलेल्या बोअरमधून धूळ निघत होती. बहात्तरनंतर आपण जमिनीखालचे पाणी उपसतच राहिलो, आणि कमी पावसाच्या त्याच खोऱ्यात ऊस नि साखर कारखाने वाढवीत गेलो. मजुरी देऊन धान्य आणता येते, पाणी नाही. मग घरातली बाई रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत हंडा लावते आणि शेजारीण शेजारणीची वैरीण होते. ते श्रम कोणत्याही हजेरीपटावर लागत नाहीत.

तर वादाचा निकाल? मृत्यूने मोजाल तर १८७६ पुढे कोणी नाही. सगळ्या राज्यावरच्या पावसाने नि पिकाने मोजाल तर वडीलधाऱ्या बायकांचे बहात्तर जिंकते. हंड्याने मोजाल तर सुना खऱ्या. मला मात्र २०१६ चा राग अधिक येतो. बहात्तरला पावसाला दोष देता येत होता. नंतरच्या दुष्काळात पावसाइतकाच वाटा आपण पाणी कोणाला देतो याचाही होता.

नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणतात) हिवरे बाजार तुम्हांला ठाऊक असेल. पाऊस तिथेही जेमतेमच. पण पावसाळा सरला की तिथली ग्रामसभा किती पाऊस पडला ते मोजते, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढते, आणि मगच रब्बीला कोणते पीक घ्यायचे ते ठरविते. शेतीसाठी बोअर नाही, उसाला मनाई. आपल्या वाडीत तीन विहिरी आहेत. त्यांची पातळी दिवाळीला आणि होळीला दोरीने मोजून मंडळाच्या वहीत लिहायची, अशी माझी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. दोरी माझ्याकडे आहे, दोघीजणी सोबत हव्या आहेत.