भास्कराचार्यांच्या अंगणात कलनशास्त्र

(चाळीसगाव येथे गणिताच्या प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



येथून जवळच पाटणादेवीच्या परिसरात इ.स. १२०७ मधील एक दानलेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ व तत्सम ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची त्यात नोंद आहे. लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे. बाजारातील मालावरचा व तेलघाण्यांचा हिस्सा मठास लावून दिल्याचे त्यात नमूद आहे. उच्च गणिताचे पोषण या मातीतील समाजाने केले, हा आपला वारसा!

आज त्याच भूमीतील महाविद्यालयांत काय दिसते? प्रथम वर्षाचा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात सीमेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या पाठ करतो, सूत्रे घोकतो आणि उत्तीर्ण होतो. ‘हे कशासाठी?’ हा त्याचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

भास्कराचार्यांनी आरंभ प्रश्नापासून केला. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. मग तिथीचा अंत अचूक कसा काढावा? इ.स. ११५० मध्ये त्यांनी यासाठी ‘तात्कालिक गती’ मांडली आणि ज्येतील सूक्ष्म वाढ कोटिज्येच्या प्रमाणात असते, हे सांगितले.

हाच मार्ग वर्गात आणता येईल. ३० अंशांची ज्या ०.५०००, ३१ अंशांची ०.५१५०, फरक ०.०१५०. आता एका अंशाचे वर्तुळमापन ०.०१७४५ घेऊन त्यास ३० अंशांच्या कोटिज्येने, म्हणजे ०.८६६० ने गुणावे. उत्तर ०.०१५१ येते. अंतर अंशाच्या दहाव्या भागाइतके केले की दोन्ही उत्तरे अधिकच जवळ येतात. हे स्वहस्ते अनुभवलेल्या विद्यार्थ्याला सीमेची व्याख्या परकी वाटणार नाही.

त्यानंतर माधवाच्या अनंत श्रेणी, ज्येष्ठदेवांच्या मल्याळम ‘युक्तिभाषे’तील उपपत्ती, मग न्यूटन, लाइब्निझ आणि शेवटी कोशीची तर्ककठोर मांडणी, असा क्रम असावा. संपूर्ण कलनशास्त्र भास्कराचार्यांनीच सिद्ध केले, असा दावा करण्याचे कारण नाही. सत्याला अतिशयोक्तीचा आधार लागत नाही. आणि ज्या गौरवामागे आकडेमोड नाही, तो केवळ घोषणेपुरता उरतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. मात्र ते एखाद्या स्वतंत्र प्रश्नपत्रिकेपुरते राहू नये. ती परंपरा गणिताच्या तासाला, फळ्यावर उतरली पाहिजे. चांगदेवांच्या मठाचे पुनरुज्जीवन दगडमातीने नव्हे, तर अशा अध्यापनानेच होईल. ते कार्य आपल्या हाती आहे.