निरोप्याच रखवालदार



मेंदूवरील धमनी फुटली की एकाएकी असह्य डोकेदुखी उठते. रक्तस्राव थांबला, रोगी बोलू लागला, की घरच्यांना वाटते, संकट टळले. परंतु दुसरे संकट अजून यावयाचे असते. साधारणपणे चौथ्या ते चौदाव्या दिवसांत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात. रक्त अपुरे पडते आणि मेंदूचा भाग मरतो.

चेहऱ्याची वेदना कळविणाऱ्या मज्जातंतूचेच धागे या धमन्यांना वेढून असतात. हा तंतू म्हणजे केवळ निरोप्या, असे आम्ही शिकलो होतो. तसे नाही. धमनी फार आकसली की तोच आपल्या टोकातून ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य सोडून तिला सैल करतो. १९८६ साली मॅककुलक, एडविन्सन आदींनी मांजरांवर प्रयोग केले. हा मज्जातंतू तोडला, तर आकसलेली धमनी पूर्ववत् व्हावयास अधिक वेळ लागे. रक्तस्रावानंतर नेमका या द्रव्याचा साठाच ओसरतो. रखवालदार असतो, पण रिकाम्या हाताने!

मग हे द्रव्य बाहेरून द्यावे, हा विचार साहजिक होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ते शिरेवाटे दिले. पण रक्तदाब उतरला आणि रोग्यांचा अपेक्षित लाभ झाला नाही. धमनीजवळचे काम साऱ्या देहावर सोपवून भागत नाही, हा त्यातला धडा.

आज निमोडिपिन हे औषध २१ दिवस देतात. म्हणून आमची विनंती एवढीच, की रोगी हसू-बोलू लागला म्हणून त्याला घरी नेण्याची घाई करू नका. पहाऱ्याचे दिवस तेच असतात.