शर्यतीचा बैल आणि आपली माणुसकी



चैत्र लागला की आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी निघते, कुस्त्यांचा फड रंगतो, आणि पुष्कळ ठिकाणी बैलांच्या शर्यती होतात. विदर्भात त्यांना शंकरपट म्हणतात. पुण्याच्या खेड-जुन्नर भागात घाटात बैलगाडा पळतो, सातारा-सांगलीकडे छकडा पळतो. नावे वेगळी, हौस एकच. या हौसेविषयी आज दोन शब्द बोलायचे आहेत. ते बैलाच्या बाजूने बोलायचे आहेत, कारण त्याला स्वतःला बोलता येत नाही.

आधी कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. जनावरांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. त्यासाठी राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खटपट केली होती. त्या कायद्याचा आधार घेऊन ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पुढे २०१७ साली आपल्या राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती मान्य केली. शर्यतींची वाट मोकळी झाली, गावोगाव गुलाल उधळला गेला.

पण मंडळी, परवानगी कशाला मिळाली हे नीट ध्यानात घ्या. परवानगी पळवायला मिळाली, मारायला नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी पाहिजे, जनावरांच्या डॉक्टरांनी बैल तपासलेला पाहिजे, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारे यंत्र यांपैकी काहीही हातात असता कामा नये. बैलाला यातना दिल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता कोणी म्हणेल, "अहो, आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखा जपतो. ट्रॅक्टर आल्यापासून खिलार बैल दावणीला कोण बांधतो? शर्यत आहे म्हणून तो टिकला." यात तथ्य आहे. शर्यतीच्या बैलाला जी वैरण, जो खुराक मिळतो, तो कित्येक घरांत माणसालाही मिळत नाही. पण वर्षभराची ही माया धावपट्टीवरच्या चार-दोन क्षणांत कुठे जाते? शेपूट पिरगाळतात, चावतात. शेपटीत मणक्यांची माळ असते; ती पिरगाळली की हाडे निखळतात, मोडतात. पराणीची आर मांसात रुतते. डोळे पांढरे करून जो बैल सुटतो, तो ईर्षेने पळत नसतो, जीव वाचवायला पळत असतो.

आणि खेळाच्या दृष्टीनेही हे बघा. ज्या शर्यतीत पराणीच्या जोरावर निकाल लागतो, तिथे जिंकते पराणी. मग बैलाच्या अंगातले पाणी कसे कळणार? जातिवंत बैल नुसत्या हाळीवर, मालकाच्या ओळखीच्या आवाजावर पळतो. तसा तयार करायला महिने लागतात, हात धीराचा लागतो. खरी मर्दुमकी तिथे आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. जत्रांचे दिवस तेच उन्हाचे दिवस. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांत सांगितले आहे की दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. टोकदार काठीही त्याच नियमांनी मना केली आहे. हे झाले पोटासाठी राबणाऱ्या बैलाचे. मग आपल्या करमणुकीसाठी पळणाऱ्याला त्याहून कमी दया दाखवायची काय?

मैदानावर जाल तेव्हा चार गोष्टी पाहा. सावलीत निवांत उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला वीस-तीस वेळा होतो. कुशीची हालचाल मोजली की समजते. तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकणारा, लाळ गाळणारा बैल उन्हाने भाजलेला असतो, त्याला जुंपू नका. खांद्याला सूज, खुरात भेग, वेसणीखाली जखम दिसली तर घरी न्या. आणि एक फेरी झाली की लगेच दुसरीला उभा करू नका. सावकाश फिरवा, सावलीत बांधा, थोडे थोडे पाणी पाजा. बैल रवंथ करू लागला म्हणजे त्याचा जीव थाऱ्यावर आला असे समजा.

गुरुजनहो, तुम्हांला एक विनंती. शर्यतीच्या कडेला सर्वांत पुढे उभी असतात ती तुमच्या शाळेतली मुले. बैलाच्या पाठीवरचा वळ पाहून मोठी माणसे शिट्ट्या मारताना त्यांनी पाहिली, तर दुबळ्याला मारण्यात मौज असते हाच धडा ती घेऊन जातात. तो पुसायला पुस्तकातला धडा पुरत नाही. तेव्हा जत्रेआधी एक दिवस मुलांना गोठ्यात न्या. श्वास मोजायला शिकवा, खूर कसा तपासतात ते एखाद्या जाणत्या शेतकऱ्याकडून दाखवा. ज्याने एकदा बैलाचा श्वास मोजला, त्याच्या हातून पराणी सहसा उचलली जात नाही.

आणि पंचमंडळींना एवढेच सांगणे: पराणी दिसली की ती जोडी बाद, मग ती सरपंचांची का असेना. दोन वर्षे हा नियम निभावून दाखवा, तिसऱ्या वर्षी पराणी मैदानावर येणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवतो. तो मान एका दिवसाचा नसावा. शर्यतीच्या दिवशीही त्या खांद्याची आठवण ठेवा.