लिहिण्याची आज्ञा एक, तपासणीच्या अनेक
(कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ येथील व्याख्यानाचे मुद्रित रूप)

ईप्रॉम प्रोग्रॅमर हे स्मृती-चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्याचे यंत्र. त्याच्या पटलावरची बटणे दाबून काम करता येते, तसेच आरएस-२३२ केबलने संगणक जोडून, दुरून आज्ञा देऊनही करता येते. या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा म्हणजे एखादे अक्षर किंवा चिन्ह, गरज असेल तिथे त्याच्या आधी आकडे, आणि शेवटी रिटर्न. ईप्रॉम इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली तयार केली, हा इतिहास श्रोत्यांना परिचित आहे. मॅनिट या अभियांत्रिकी संस्थेच्या शेजारच्या वस्तीत ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा किट कसा दिसतो हेही सांगायला नको.

अमेरिकेतील डेटा आय/ओ कंपनीच्या २९बी या प्रोग्रॅमरचा आज्ञासंच नमुन्यादाखल घेता येतो. ‘८३ए’ म्हटले की यंत्र इंटेल हेक्स पद्धतीचा मजकूर घ्यायला तयार होते. ‘आय’ म्हटले की संगणकाकडून येणारा मजकूर ते आपल्या रॅममध्ये साठवते. ‘एल’ने चिपमधला मजकूर रॅममध्ये येतो आणि ‘पी’ने रॅममधला चिपमध्ये जातो. काम झाले तर उत्तर ‘>’, फसले तर ‘एफ’, आज्ञाच कळली नाही तर ‘?’.

चिपवर प्रत्यक्ष लिहिणारी आज्ञा एकटी ‘पी’. ‘बी’ चिप कोरी आहे का ते पाहते, ‘टी’ बेकायदा बिट शोधते, ‘व्ही’ चिप आणि रॅम ताडते, ‘सी’ संगणकाकडून पुन्हा आलेला मजकूर रॅमशी ताडते, ‘एस’ मजकुराच्या सगळ्या बाइटांची बेरीज सांगते, ‘एफ’ आणि ‘एक्स’ चुकांचा हिशेब देतात. ज्यांनी हा संच रचला त्यांना लिहिण्यापेक्षा तपासणे मोठे काम वाटले, आणि ते बरोबरच होते.

‘टी’चे कारण चिपच्या घडणीत आहे. कोऱ्या ईप्रॉमचे सगळे बिट १ असतात. बर्न करताना, म्हणजे चिपवर लिहिताना, १ चा ० होतो. ० चा १ फक्त अतिनील प्रकाश करतो, तोही एका बिटाचा नव्हे, सबंध चिपचा. म्हणून वापरलेल्या चिपवर नवा मजकूर बसेल का, हे ‘पी’च्या आधीच विचारावे लागते. ‘पी’नंतर थांबावेही लागते. २७१६ या ईप्रॉममध्ये २०४८ बाइट, प्रत्येकाला ५० मिलिसेकंदांचा स्पंद, म्हणजे सुमारे १०२ सेकंद यंत्र गप्प. तेवढा धीर नसलेला संगणक-प्रोग्रॅम चांगल्या चिपला नापास ठरवतो.

बेरजेवरचा विश्वास मात्र मर्यादित हवा. कोऱ्या २७१६ ची सोळा बिटांतली बेरीज एफ८०० येते. हा आकडा पाठ असलेला तंत्रज्ञ रिकामी चिप झटकन ओळखतो. पण दोन बाइटांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते. ‘व्ही’ही पुरेशी नाही. मजकूर केबलमध्येच बिघडला असेल, तर रॅम आणि चिप दोन्हींत एकच चूक असते आणि ‘व्ही’ खुशाल ‘>’ देते. तिथे ‘सी’च लागते. काचेच्या खिडकीवरच्या चिकटपट्टीवर आवृत्ती आणि बेरीज लिहिण्याची पद्धत उत्तम, पण ती या दोन्ही तपासण्या पार पडल्यानंतरची.

इथे मतदानयंत्राचा विषय निघणे अटळ आहे, आणि मध्य प्रदेशात तर तो आपलाच विषय आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ज्या १६ विधानसभा मतदारसंघांत ही यंत्रे प्रयोगादाखल वापरली गेली, त्यांतले ५ या राज्यातले होते. उरलेले राजस्थान आणि दिल्लीतले. मतदानयंत्रातला प्रोग्रॅम कारखान्यातच, एकदाच भरला जातो. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी केल्यास, विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची बर्न केलेली स्मृती तपासून घेण्याची मुभा दिली. यंत्रांवर आक्षेप घेणारे सभागृहात आहेत, त्यांची बाजू घेणारेही आहेत. दोघांनाही एकच गोष्ट लागू पडते: चिपमध्ये काय आहे याचे उत्तर चिप वाचून, मूळ प्रतीशी ताडूनच मिळते. आरोपाने ते मिळत नाही, ग्वाहीनेही नाही.

विषयांतर लांबले आणि वेळ संपत आला. पत्त्यांच्या आज्ञा (‘<’, ‘;’, ‘:’) त्यामुळे नुसत्या नोंदवायच्या: रॅममधला आरंभ, तुकड्याची लांबी, चिपमधला आरंभ. ‘झेड’ने दूरनियंत्रण संपते आणि यंत्र पुन्हा बटणांच्या ताब्यात येते.

प्रयोगशाळेत शिकवणाऱ्यांना एकच विनंती. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत ‘चिप बर्न केली’ एवढ्यावर सही करू नये. ‘सी’ आणि ‘व्ही’ची उत्तरे व ‘एस’चा आकडा त्याच पानावर लिहून घ्यावा.