नवोदित कलावंताचे अणुव्रत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त समाजातील बालक व युवक चित्रकारांच्या प्रदर्शनप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा सोहळा साजरा करताना ट्रस्टने मुलांच्या चित्रांना भिंत उपलब्ध करून दिली, ही समाधानाची बाब आहे. चित्रांखालील नावे वाचली असता बहुतेक मुले पाचवी ते दहावीच्या वर्गांतील असल्याचे दिसते. त्यापुढील वयाची चित्रे मोजकीच आहेत. दहावीनंतर ही मुले आणि त्यांचे कुंचले जातात कोठे, हा प्रश्न या सभागृहातील प्रत्येक पालकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

एक चित्र आपल्या समाजात घरोघरी दिसते. पर्युषण पर्वातील स्पर्धेत मुलाला पहिले पारितोषिक मिळते. कौतुक होते, रंगपेटी भेट मिळते. पुढच्या वर्षी दुसऱ्याच मुलाला पारितोषिक मिळते आणि रंगपेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. शासकीय रेखाकला परीक्षांचेही असेच होते. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, दहावीच्या निकालात वाढीव गुण जमा झाले आणि चित्रकला संपली. मुलात गुण नव्हता असे म्हणवत नाही. त्याच्यासमोर जे ध्येय ठेवले गेले, तेच मुळात परक्याच्या हातातील होते. पारितोषिक परीक्षकाच्या हाती असते, प्रसिद्धी लोकांच्या हाती असते आणि चित्राची विक्री ग्राहकाच्या मर्जीवर असते. ज्याची दोरी दुसऱ्याच्या हाती, त्या ध्येयावर नवोदिताने आपला उत्साह टांगून ठेवला तर तो फार काळ टिकत नाही.

मग नवोदित कलावंताने ध्येय कसे ठरवावे? याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या आचारधर्मात त्याची रीत शतकानुशतके सिद्ध आहे. साधूसाठी महाव्रते आणि श्रावकासाठी अणुव्रते ही योजना आचार्यांनी किती दूरदृष्टीने केली, याचा विचार करावा. संसारात असलेल्या गृहस्थाला त्यांनी एकदम महाव्रतांच्या शिखरावर उभे केले नाही. ज्याला सर्वस्वाचा त्याग शक्य नाही, त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण सांगितले. इतके वस्त्र, इतके धान्य, इतकी भूमी, याहून अधिक नाही. व्रत लहान असले तरी त्याची मर्यादा सुस्पष्ट असते, ते पाळणाऱ्याच्या शक्तीत असते आणि ते पाळले की मोडले हे ज्याचे त्यालाच कळते. उत्तम ध्येयाची हीच तीन लक्षणे होत.

“मोठा चित्रकार होईन” हा झाला मनोरथ. “येत्या चातुर्मासात दररोज एक वस्तू पाहून रेखाटीन” हे झाले व्रत. मनोरथाची पूर्तता केव्हा झाली हे कधीच ठरवता येत नाही; व्रताची पूर्तता रोज सायंकाळी पाहता येते. दुकान उघडताना व्यापारी वर्षाच्या विक्रीचा आकडा मनात बाळगतो हे खरे, परंतु त्याचे लक्ष असते ते सकाळच्या बोहनीवर आणि रात्री रोजमेळ जुळण्यावर. रोजमेळ जुळत गेला की वर्षाचा ताळेबंद आपोआप तयार होतो. कलेचा हिशेब याहून निराळा नाही.

व्रत घेतल्यावर पुढचा प्रश्न वेळेचा. श्रावकाच्या बारा व्रतांत चार शिक्षाव्रते आहेत आणि सामायिक हे त्यांपैकी एक. ‘शिक्षा’ या शब्दातच अभ्यास आणि सराव अभिप्रेत आहे. सामायिकाचा काळ एक मुहूर्त, म्हणजे दोन घटिका, म्हणजेच ४८ मिनिटे. रंगरेषांचा सराव म्हणजे सामायिक नव्हे. आत्मसाधनेची बरोबरी कोणत्याही कलेने करू नये. परंतु ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेला काळ चित्त एका ठिकाणी बसविण्याची जी सवय सामायिकाने लागते, तिचा लाभ विद्यार्थ्याने अवश्य घ्यावा. रविवारी सलग पाच तास बसून उरलेले सहा दिवस वही न उघडणाऱ्यापेक्षा रोज ४८ मिनिटे बसणाऱ्याचा हात लवकर वळतो. साधनसामग्रीतही परिमाण असावे. एचबी, टूबी आणि फोरबी या तीन पेन्सिली, एक जाड कागदाची वही आणि एक खोडरबर, एवढ्यावर पहिले सहा महिने उत्तम निघतात. महागड्या रंगांचा संच घेतल्याने हात सुधारत नाही. उलट तो वाया जाईल या भीतीने मूल रंग वापरायलाच कचरते.

या ४८ मिनिटांत करावे काय? येथे रत्नत्रयीचा क्रम मार्गदर्शक ठरतो. सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य. आधी दर्शन. श्रावकाच्या ११ प्रतिमांमध्येही पहिली दर्शन प्रतिमाच आहे. तेथे दर्शनाचा अर्थ श्रद्धा असा आहे. कलेच्या व्यवहारात मात्र तो शब्दशः घ्यावा. नवोदिताचा पहिला दोष हाताचा नसून डोळ्यांचा असतो. तांब्याचे तोंड गोल असते हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो गोलच काढतो. प्रत्यक्षात समोर बसून पाहिल्यास ते लंबवर्तुळाकार दिसते आणि तांब्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा तसतसे ते अधिकाधिक चपटे होत जाते. जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून जे दिसते ते रेखाटणे, हे पहिल्या महिन्याचे ध्येय. तांब्या, वाटी, समई, पूजेचे ताट अशा घरातील वस्तू त्यासाठी पुरेशा आहेत.

दुसऱ्या महिन्यात वस्त्राच्या घड्यांचा अभ्यास घ्यावा. भिंतीवरील खुंटीला साडी अडकवावी आणि समोर बसावे. कापड जेथे अडकले आहे त्या बिंदूपासून साऱ्या चुण्या किरणांप्रमाणे खाली फाकतात, हे ध्यानात येईल. मलमलीच्या चुण्या बारीक, मऊ आणि पुष्कळ पडतात. भारी जरीच्या पैठणीची घडी कोनदार मोडते आणि तिच्या कडेवर उजेड लख्ख उभा राहतो. लोकरी शालीची घडी जाड आणि गोलसर असते. एकच खुंटी, एकच खिडकी, परंतु तीन कापडांची तीन चित्रे निराळी येतात. असे का होते, हे शोधू लागताच दर्शनातून ज्ञान सुरू होते. प्रकाश कोठून येतो, छाया कोठे गडद होते, कापडाचा पोत त्यावर काय परिणाम करतो, हे सारे त्यातच उलगडते. आणि हाच पाठ रोज गिरवत राहणे हे चारित्र्य.

तिसऱ्या महिन्यात झाडे आणि घरे, चौथ्यात हात आणि पाय, पाचव्यात चेहरा, असा क्रम ठेवावा. तो प्रत्येकाने आपल्या शक्तीनुसार बदलावा, मात्र एका वेळी ध्येय एकच असावे. रेषा, छाया, रंग आणि रचना या चारही गोष्टी एकाच चित्रात साधू पाहणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रतिक्रमण. दिवसभराच्या वर्तनाकडे वळून पाहणे, हा आपल्या धर्माचा नित्यक्रम आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी आणि कोणतेही पान फाडू नये. महिनाअखेर पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहावे. दुसऱ्याच्या चित्राशी तुलना केल्यास मत्सर तरी उपजतो किंवा न्यूनगंड तरी. आपल्याच मागील महिन्याशी तुलना केल्यास दिशा कळते. काय सुधारले आणि काय तसेच राहिले, हे दोन ओळींत लिहून ठेवावे. जे तसेच राहिले, तेच पुढील महिन्याचे ध्येय.

परीक्षेचे दिवस येतात, आजारपण येते, घरी लग्नकार्य निघते आणि चार दिवस वही उघडली जात नाही. अशा वेळी “आता नियम मोडलाच” असे म्हणून पुष्कळ मुले सर्वच सोडून देतात. आचार्यांनी येथेही सूक्ष्म विवेक केलेला आहे. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा व्रतभंगाच्या चढत्या पायऱ्या त्यांनी सांगितल्या. अतिचार म्हणजे व्रताला लागलेला डाग. तो आलोचनेने, प्रायश्चित्ताने धुता येतो. व्रताचा पूर्ण भंग म्हणजे अनाचार. चार दिवस वही मिटलेली राहिली तर तो अतिचार समजावा आणि पाचव्या दिवशी ती उघडावी.

अशा नित्य साधनेने काय घडते, याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. सुवर्णपदक मिळाले म्हणून शिकणे संपले, असे त्यांनी मानले नाही. त्याच संस्थेत ते शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच रमले. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. पदकाचा उल्लेख एका वाक्यात संपतो. ग्रंथाच्या शीर्षकात स्थान मिळाले ते वर्षांना. नवोदिताने यातून जो बोध घ्यायचा तो घ्यावा.

आपल्या स्वतःच्या परंपरेकडे पाहिले तर हा बोध अधिकच गहिरा होतो. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या आणि कालकाचार्य कथेच्या सचित्र पोथ्या आज जगातील नामवंत संग्रहालयांत जतन केलेल्या आहेत. आधी ताडपत्राच्या अरुंद पट्टीवर आणि पुढे कागदावर, बोटभर जागेत त्या चित्रकारांनी तीर्थंकरांचे कल्याणक प्रसंग उभे केले. पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव पुष्पिकेत अनेकदा सापडते, चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांतील शिल्पींचीही तीच कथा. इंद्रसभेतील स्तंभांची नक्षी पाहून आजही यात्रेकरू थबकतो. ती कोरणारा हात कोणाचा होता हे कोणालाच सांगता येत नाही. तेथील ‘छोटा कैलास’ तर अपूर्णच राहिला आहे, आणि तरीही तेथे भाविकाचे मस्तक नमते. नाव उरले नाही, काही ठिकाणी कामही पुरे झाले नाही. तरी प्रत्येक दिवशी त्या हातांनी छिन्नी जेथे चालविली तेथे ती चोख चालविली. ध्येय कामात होते, म्हणून काम हजार वर्षे टिकले.

आता दोन शब्द पालकांसाठी. “यातून मिळणार काय?” हा आपल्या व्यापारी समाजाचा स्वाभाविक प्रश्न आहे आणि तो गैरही नाही. चित्रकलेवर चरितार्थ चालणे कठीण असते, हे मुलापासून लपवू नये. उपयोजित कला, वस्त्रसंकल्पन, कलाशिक्षण हे उपजीविकेचे मार्ग आहेत. निव्वळ चित्रनिर्मितीवर जगणारे थोडे असतात. परंतु हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला विचारू नये. पेढीवर नवा माणूस ठेवला तर त्याला गिऱ्हाईक आणि माल ओळखायला वर्ष-दोन वर्षे दिली जातात. तेवढी सवलत आपल्याच मुलाला का नसावी? निर्णयासाठी बारावीपर्यंतची मुदत ठरवावी. दृश्यकलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा त्यानंतरच येते. तोपर्यंत तारखा घातलेल्या चार-पाच वह्या भरल्या असतील, तर निर्णय घेणे सोपे जाईल. कारण समोर कल्पना नसून पुरावा असेल. मूल पुढे दुकानात बसले तरी त्या वह्या वाया जात नाहीत. ज्याने घडीची छाया दोन वर्षे न्याहाळली, त्याला कापडाचा पोत आणि रंगाची जात वेगळी शिकवावी लागत नाही.

ट्रस्टच्या विश्वस्तांनाही एक नम्र विनंती आहे. दरवर्षीच्या स्पर्धेत एका तासात काढलेल्या चित्राला पारितोषिक दिले जाते, ते तसेच चालू राहावे. त्याच्या जोडीला वर्षभर नियमाने भरलेल्या चित्रवहीसाठी एक पारितोषिक ठेवावे. त्यात पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम नसावा. ज्याने आपले व्रत पाळले, त्या प्रत्येकास ते मिळावे. तसेच सुटीच्या दिवशी पूजाविधी आटोपल्यानंतर मंदिराच्या सभामंडपात बसून स्तंभ, तोरणे आणि शिखर रेखाटण्याची अनुमती मुलांना द्यावी. शांतपणे पाहत बसलेले मूल मंदिराच्या शोभेत भरच घालते.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर मोठा संकल्प करू नका. वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला, स्वयंपाकघरातील एखादा तांब्या समोर ठेवा आणि ४८ मिनिटे बसा. उद्या पुन्हा बसा. ट्रस्टच्या हीरकमहोत्सवाला अजून दहा वर्षे आहेत. त्या सोहळ्यात या भिंतीवर दहावीच्या पुढील वयाची चित्रे अधिक संख्येने दिसावीत, एवढीच मंगल कामना.

जय जिनेंद्र!