इतिहास लिहिणाऱ्यांनी लेखणी का उचलली?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही गिरणीत राबलेली माणसे. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकड्यावर बसून. पण एक सवय लागली. इतिहासाचे पुस्तक हाती आले की आधी प्रस्तावना वाचायची. लेखकाने एवढा खटाटोप कशासाठी केला, ते तिथेच कळते.

बाबासाहेबांचेच बघा. १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला, तो महात्मा जोतीराव फुल्यांना अर्पण केला. १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ आला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला. या दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब विचारतात की, अस्पृश्यता आली कुठून याचा शोध आजवर कुणी का घेतला नाही? जुन्या वळणाच्या हिंदूला तिच्यात काही वावगे दिसत नाही. नव्या विचारांच्या हिंदूला चूक कळते, पण चारचौघांत बोलायची लाज वाटते. मग शोध घेणार कोण? म्हणून बाबासाहेबांनी लेखणी उचलली. आणि पुराव्याचे दुवे तुटलेत तिथे तर्काने जोडावे लागतात, हेही त्यांनी उघड सांगितले, लपवून ठेवले नाही.

पुढे १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. महाडच्या सत्याग्रहात बाया होत्या. १९४२ साली नागपुरात महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. पण चळवळीच्या पुस्तकांत नावे बहुतेक पुरुषांची. या दोघी चळवळीतल्या बायांपर्यंत गेल्या, त्यांच्याच तोंडून हकिकती घेतल्या. नावातला तो ‘ही’ बघा मंडळी, सगळे कारण त्या एका अक्षरात आहे.

आता आमच्या गिरणगावाचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. अशा वेळी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांचे बोल गोळा करून २००४ साली इंग्रजीत पुस्तक काढले. शंभर वर्षांची गोष्ट, शंभर आवाजांत. चाळी पाडल्या की आठवणी सांगणारी माणसेही पांगतात. त्याआधी ते काम झाले, हे महत्त्वाचे.

पण ऐकायचे तर सगळे ऐकले पाहिजे. एके काळी धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त पगाराच्या साचेखात्यात आपल्या माणसाला मज्जाव. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. एकजुटीचा इतिहास लिहिताना हा धागा वगळला, तर तो इतिहास अर्धा राहतो. तो वगळणारा प्रत्येक वेळी मालकच असतो असे नाही. आपल्याच बाजूची माणसेही वगळतात.

म्हणून तरुण मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीत ऐंशी-पंच्याऐंशीच्या आज्या आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. गाव कोणते, मुंबईत कधी आलात, कोणत्या खात्यात कामाला होतात, दीक्षेनंतर घरातले काय बदलले, ते विचारा. डोळ्यांनी पाहिलेले वेगळे लिहा, ऐकलेले वेगळे लिहा. नुसता गौरव नको, भांडणेही लिहा. बायांची नावे ‘अमक्याची आई’ म्हणून नको, त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहा.

पुढच्या स्मरणिकेत अशी चार पाने जरी आली, तरी आमचे आजचे बोलणे कारणी लागले असे समजू. 

नमो बुद्धाय! जयभीम!