सांधेदुखी : सोसावे किती, औषध घ्यावे केव्हा?



दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी म्हण आपल्याकडे आहे. संधिवात मात्र येतानाही मुंगीच्याच पावलांनी येतो. पहाटे उठताना बोटे आखडल्यासारखी वाटतात, पायऱ्या उतरताना गुडघ्यात कळ येते, लावणीच्या चिखलात वाकलेली कंबर सरळ होता होत नाही. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा दुखू लागते. घरची माणसे म्हणतात, ‘वयोमानाने असे व्हायचेच.’ आणि जिला दुखत असते ती मुकाट्याने कामाला लागते.

गोमंतकातील कोणत्याही वाड्यावर हे चित्र आढळते. आडोळीवर बसून नारळ खोवणारी गृहिणी, खाली बसवत नाही म्हणून एके दिवशी ते काम सुनेकडे सोपवते. पुढे देवळाची पायरी सुटते. मग शेजारघरचे हळदीकुंकू सुटते. दुखणे गुडघ्याचे असते. पण हळूहळू तिचे सारे जग उंबरठ्याच्या आत आक्रसते. याला सहनशीलता म्हणून गौरवण्याची आपली रीत आहे. ती सहनशीलता नसून पुष्कळदा दुर्लक्ष असते, आणि त्यात सर्वांचाच वाटा असतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, संधिवात हे एका रोगाचे नाव नव्हे. शंभराहून अधिक विकार या एका शब्दात सामावतात. आपल्या पूर्वसूरींनाही याची जाण होती. चरकसंहितेत वातरक्ताचे विवेचन आहे आणि ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. म्हणूनच शेजाऱ्याला जे औषध लागू पडले तेच आपल्यालाही पडेल, हा समज चुकीचा आहे.

सर्वांत अधिक आढळतो तो झिजेचा संधिवात. उतारवयात गुडघा, नितंब आणि मणक्यांच्या सांध्यांतील कूर्चा झिजते. हालचाल केली की दुखते, विसाव्याने थांबते. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिक टिकतो. हा विकार तरुण वयातही जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक दिसतो. तिसरे वातरक्त. रक्तातील यूरिक आम्ल वाढून बहुधा पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकू लागतो. मद्य, मांस आणि तारल्यांसारखी मासळी यांचा अतिरेक त्याला पोषक ठरतो. याखेरीज २००६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात पसरलेल्या चिकुनगुनियाने ताप उतरल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत ठेवले, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

या सर्वांत सोसण्याची सर्वाधिक किंमत आमवातात मोजावी लागते. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले तर सांधे वाचू शकतात. एकदा बोटे वाकडी झाली की कोणतेही औषध त्यांना पूर्ववत करू शकत नाही. तेव्हा सांधा सुजला असेल, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहत असेल, तर सहा आठवडे लोटण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. एखादा सांधा एकाएकी तापून सुजला आणि सोबत ज्वर असेल, तर एका दिवसाचाही विलंब धोक्याचा ठरतो.

औषधांची कथा मोठी उद्बोधक आहे. विलो वृक्षाच्या सालीने ताप उतरतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळविले. त्याच वाटेने पुढे १८९९ साली अ‍ॅस्पिरिन बाजारात आले. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागल्याने जग थक्क झाले आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या औषधाचे दुष्परिणामही लवकरच उमगले. आज आमवातात प्रमुख मानले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध ज्या संशोधनातून निघाले, त्याचे नेतृत्व भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. मात्र आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतते. घरातील साक्षर मुलाने आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावर तो वार ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांविषयीही सावध राहावे. त्या दीर्घकाळ घेतल्याने जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. त्याहून घातक त्या नाव-गाव नसलेल्या पुड्या. एका पुडीत दुखणे पळाले, तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. तिने काही महिन्यांत हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. आणि ती एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते. अशा वेळी पुडी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

नैसर्गिक उपचारांचे स्थान यामुळे कमी होत नाही. ताठरलेल्या सांध्याला ऊन शेक द्यावा आणि नुकत्याच सुजलेल्या सांध्याला थंड पाण्याची पट्टी. निर्गुडीच्या किंवा नारायण तेलाच्या हलक्या मर्दनाने आराम पडतो. मधुमेह्यांच्या पायांना बधिरता असल्यास शेक देताना विशेष जपावे. झिजेच्या संधिवातात व्यायाम हेच मोठे औषध होय. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली सोडावा. रोज असे दहा-पंधरा वेळा केल्याने मांडीचे स्नायू बळकट होतात व गुडघ्याचा भार पेलतात. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सांध्यांवर डाग देणे किंवा बिब्बा लावणे मात्र सर्वथा टाळावे.

उपचारांची सोय दूर नाही. प्रारंभ जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावा. गरज भासल्यास बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आयुर्वेदाकडे ओढा असणाऱ्यांसाठी २०२२ साली धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले आहे. दोन्हीकडची औषधे चालू असतील तर ती दोघांनाही सांगावीत. आमवाताची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून काढ्यावर विसंबू नये.

शिक्षकांना एक विनंती आहे. घसा दुखल्यानंतर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाचे सांधे एकामागून एक सुजू लागले, तर त्याला ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडू नये. तो सांधेज्वर असू शकतो आणि त्याने हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. वेळीच पेनिसिलीन मिळाल्यास हे संकट टाळता येते. अधिकारीवर्गाने कार्यालयात वृद्धांसाठी खुर्ची आणि पायरीशी कठडा एवढी सोय केली, तरी कित्येकांची एक फेरी सुसह्य होईल.

एवढे करूनही काही दुखणे उरतेच. तेथे सोसण्याला खरा अर्थ आहे. काम तुकड्यातुकड्यांनी करावे, मध्ये विसावा घ्यावा, खोवणे-चिरणे ओट्यावर उभ्याने किंवा स्टुलावर बसून करावे. दुखते आहे हे सांगण्यात कमीपणा मानू नये. आणि घरच्यांनी, दुखत असल्याचे ऐकताच, ‘वयोमानाने व्हायचेच’ असे म्हणण्याऐवजी ‘केव्हापासून?’ असे विचारावे. उपचाराचा आरंभ बहुधा त्या एका प्रश्नापासून होतो.